खुब्याची वाटी: वैद्यकातील एका प्लॅस्टिकची जडणघडण

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रसायन उद्योगाने जी नवी प्लॅस्टिके बाजारात आणली, त्यांपैकी जवळजवळ एकही मानवी शरीरात बसवण्यासाठी घडवलेले नव्हते. पॉलिएथिलीन १९३३ मध्ये इंग्लंडातील चेशायर परगण्यात, विनिंग्टन येथील आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत उच्च दाबाखालच्या एका प्रयोगात अनपेक्षितपणे हाती लागले आणि युद्धकाळात रडारच्या तारांवरील वेष्टणासाठी नावारूपाला आले. टेफ्लॉन या नावाने प्रसिद्ध झालेले पॉलिटेट्राफ्लुरोएथिलीन १९३८ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या रॉय प्लंकेट यांना शीतकरणाच्या वायूंवर काम करताना सापडले, आणि त्याचा पहिला मोठा उपयोग झाला तो अणुबाँबच्या प्रकल्पात, युरेनियमच्या दाहक वायूला तोंड देणाऱ्या झडपा व जोड यांच्यासाठी. अभियांत्रिकी प्लॅस्टिक ही संज्ञा पुढे अशाच द्रव्यांसाठी रूढ झाली: भार, घर्षण आणि उष्णता सोसूनही जी आपला आकार व बळ राखतात आणि यंत्राच्या सुट्या भागांत धातूची जागा घेऊ शकतात, ती ही प्लॅस्टिके होत. यंत्रशाळेतून शस्त्रक्रियागृहात येण्याचा त्यांचा प्रवास सरळ झाला नाही, आणि तो कसा झाला हे खुब्याच्या कृत्रिम सांध्याच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसते. एखादे द्रव्य अखंड तुकड्याच्या रूपात शरीराला निरुपद्रवी असले, तरी त्याच्या झिजेतून उडणारी भुकटीही तशीच निरुपद्रवी असेल असे मानता येत नाही, हा धडा वैद्यकाने या सांध्यावर, रुग्णांनी मोजलेल्या मोठ्या किमतीला, घेतला.

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा वरचा गोल माथा ओटीपोटाच्या हाडातील खोलगट वाटीत फिरतो आणि दोन्ही पृष्ठभागांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. संधिवाताने हे अस्तर झिजले की हाडावर हाड घासू लागते, पाऊल टाकणे यातनामय होते आणि रात्रीची झोपही उडते. शस्त्रवैद्यांनी या दुखण्यावर पूर्वीपासून उपाय शोधले होते. बॉस्टन येथील मारियस स्मिथ-पीटरसन यांनी १९२३ मध्ये हाडाच्या माथ्यावर काचेची टोपी बसवून पाहिली. काच फुटली, तेव्हा त्यांनी सेल्युलॉइडसारखे प्लॅस्टिक आणि बेकेलाइट यांच्या टोप्याही आजमावल्या आणि अखेरीस १९३८ मध्ये ते कोबाल्ट-क्रोमियमच्या व्हिटॅलियम या मिश्रधातूवर येऊन स्थिरावले. युद्धानंतर, १९४६ मध्ये, पॅरिसच्या जाँ व रॉबेर ज्युडे या बंधूंनी मांडीच्या हाडाचा माथाच काढून त्या जागी अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे पॉलिमेथिल मेथाक्रिलेटचा, गोळा बसवण्यास आरंभ केला. विमानांच्या काचांसाठी वापरले जाणारे हेच पारदर्शक प्लॅस्टिक होते. लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी जखमी वैमानिकांच्या डोळ्यांत रुतलेल्या त्याच्या कपच्यांमुळे दाह होत नाही हे पाहून १९४९ मध्ये त्यापासून डोळ्यातील पहिले कृत्रिम भिंग बसवले. शरीर हे प्लॅस्टिक सहन करते, एवढे त्या पिढीला पटले होते. ते सतत घासले गेले तर काय होईल, हा प्रश्न डोळ्यातील स्थिर भिंगाच्या बाबतीत उद्भवतच नव्हता.

खुब्यात मात्र तो उद्भवला. ज्युडे बंधूंच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांच्या वेदना आरंभी नाहीशा होत, परंतु काही वर्षांत गोळा झिजे, त्याचा दांडा सैल होई किंवा मोडे. मँचेस्टरचे अस्थिशल्यचिकित्सक जॉन चार्नली (१९११–१९८२) यांच्याकडे असा एक रुग्ण आला होता, ज्याचा कृत्रिम खुबा हालचाल करताना इतक्या मोठ्याने करकरत असे की जेवणाच्या टेबलावर तो एखादी वस्तू घ्यायला पुढे वाकला की त्याची पत्नी खोलीबाहेर निघून जाई. अशा करकरीची तक्रार इतर शस्त्रवैद्यांनीही ऐकली होती, पण तिचा अर्थ लावण्याचे श्रम चार्नली यांनी घेतले. करकर म्हणजे घर्षण, आणि घर्षण जास्त असेल तर प्रत्येक पावलागणिक गोळ्याला मिळणारा पीळ थेट दांड्याकडे पोहोचून त्याला हाडात हलवणार, म्हणजे सैल झालेल्या दांड्याचे मूळ त्या आवाजातच आहे, असे त्यांनी अनुमान काढले. अनुमानावर न थांबता त्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या सांध्यांच्या कूर्चेवरील घर्षण मोजले आणि ते बर्फावरून सरकणाऱ्या स्केटच्या घर्षणापेक्षाही कमी असल्याचे त्यांना आढळले. यंत्रातील धारव्यात वेगाने फिरणाऱ्या दांड्याभोवती तेलाचा सलग थर तयार होतो आणि दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकतच नाहीत. मनुष्याचा सांधा मात्र संथपणे, थांबत-थांबत आणि मोठ्या भाराखाली हलतो, म्हणून तेथे असा थर टिकणे कठीण. कूर्चा आणि सांध्यातील वंगणद्रव यांची परस्परांशी जुळणारी अशी काही विशेष रचना आहे, तोच द्रव धातूवर किंवा प्लॅस्टिकवर निरुपयोगी ठरतो, या निष्कर्षाला ते आले. त्याचा व्यावहारिक अर्थ असा होता की कृत्रिम सांध्याने शरीराच्या वंगणाचा भरवसा सोडून द्यावा आणि मुळातच निसरडे असलेले द्रव्य शोधावे.

या शोधासाठी त्यांना जागा मिळाली ती लँकाशायरमधील विगन शहराजवळच्या राइटिंग्टन रुग्णालयात. क्षयरोग्यांसाठी चालवले जाणारे हे रुग्णालय स्ट्रेप्टोमायसिनसारख्या औषधांमुळे पन्नाशीच्या दशकात ओस पडू लागले होते, आणि मँचेस्टरमधील प्रतिष्ठेच्या रुग्णालयातील जबाबदाऱ्या कमी करून चार्नली यांनी या आडबाजूच्या ठिकाणी केवळ खुब्याच्या शस्त्रक्रियेचे केंद्र आणि त्याला जोडून स्वतःची प्रयोगशाळा व यंत्रशाळा उभारण्याचे ठरवले. शस्त्रक्रियागृह आणि यंत्रशाळा एकाच आवारात असणे ही तेव्हा फार दुर्मीळ गोष्ट होती, आणि पुढील घटनांमध्ये तिचेच महत्त्व सर्वाधिक ठरले.

सर्वांत निसरडे घनद्रव्य म्हणून त्या काळी टेफ्लॉनचीच ख्याती होती. ब्रिटनमध्ये आयसीआय ते फ्लुऑन या नावाने विकत असे. त्यातील कार्बनच्या साखळीला फ्लोरिनच्या अणूंनी सर्व बाजूंनी इतके घट्ट वेढलेले असते की आम्ल, अल्कली किंवा विद्रावक यांपैकी कशाचाही त्यावर परिणाम होत नाही आणि दुसरा कोणताही पदार्थ त्याला चिकटत नाही. रासायनिकदृष्ट्या यापेक्षा निष्क्रिय प्लॅस्टिक शोधून सापडले नसते, आणि रासायनिक निष्क्रियता म्हणजेच शरीराशी सुसंगती असे समीकरण तेव्हा सर्वमान्य होते. चार्नली यांनी घरच्या लेथवर स्वतः टेफ्लॉनच्या वाट्या कातल्या. आरंभी त्यांनी हाडाच्या वाटीत आणि माथ्यावर अशा दोन्हीकडे टेफ्लॉनचे पातळ कवच बसवून पाहिले, पण ती रचना लवकरच फसली. मग त्यांनी हाडाचा माथा काढून टाकून त्या जागी पोलादी दांड्यावरचा धातूचा गोळा आणि समोर टेफ्लॉनची जाड वाटी अशी जोडी स्वीकारली.

या रचनेतील दोन निर्णय अभियंत्याच्या बुद्धीचे होते. पहिला निर्णय गोळ्याच्या आकाराविषयी होता. निसर्गाचा माथा ४० ते ५० मिलिमीटर व्यासाचा असतो, परंतु घर्षणाचा पीळ त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो, म्हणून चार्नली यांनी गोळा टप्प्याटप्प्याने लहान करत २२.२२५ मिलिमीटरवर, म्हणजे पाऊण इंचाहून किंचित मोठ्या, सात-अष्टमांश इंचाच्या व्यासावर आणला. त्यामुळे गोळ्याकडून वाटीला मिळणारा पीळ कमी झाला आणि वाटीची भिंतही जाड ठेवता आली. दुसरा निर्णय दांडा हाडात कसा बसवावा याविषयी होता. मँचेस्टरच्या दंतवैद्यक विभागातील द्रव्यतज्ज्ञ डेनिस स्मिथ यांच्या सल्ल्याने त्यांनी कवळ्या दुरुस्त करण्यासाठी वापरले जाणारे, थंड स्थितीत घट्ट होणारे अ‍ॅक्रिलिक निवडले. या द्रव्याची भुकटी आणि द्रव एकत्र कालवला की काही मिनिटांत पिठाच्या गोळ्यासारखा लगदा होतो. तो हाडाच्या पोकळीत दाबून भरला आणि त्यात दांडा रोवला की रासायनिक क्रियेच्या उष्णतेसह तो दगडासारखा कठीण बनतो. याला बोली भाषेत हाडाचे सिमेंट म्हणतात, पण ते डिंकासारखे चिकटत नाही. हाडाच्या जाळीदार पृष्ठभागातील प्रत्येक खाचखळग्यात शिरून ते अडकून बसते आणि दांड्यावरचा भार काही बिंदूंवर न देता संपूर्ण पोकळीवर वाटून देते. ज्युडे बंधूंच्या गोळ्यात झीज सोसू न शकलेले हेच अ‍ॅक्रिलिक, घासले जात नाही अशा जागी, उत्तम उपयोगी पडले. कोणते प्लॅस्टिक चांगले, असा नुसता प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. कोणत्या कामासाठी, हे त्यासोबत विचारावे लागते.

१९६१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात चार्नली यांनी या नव्या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षे खुर्चीला खिळलेली माणसे काही आठवड्यांत वेदनेवाचून चालू लागली होती आणि लांबून रुग्ण येऊ लागले होते. एकंदर सुमारे ३०० रुग्णांवर टेफ्लॉनची वाटी बसवली गेली. याच काळात पहिल्या रुग्णांच्या क्ष-किरण चित्रांत गोळा वाटीच्या आत वर-वर सरकत असल्याचे दिसू लागले. लहान गोळ्याने मऊ टेफ्लॉनमध्ये अक्षरशः बोगदा पाडला होता, आणि दोन-तीन वर्षांत वाटीची भिंत कित्येक मिलिमीटर झिजली होती. झीज एवढीच आपत्ती असती तर नवी वाटी बसवून भागले असते. पुन्हा उघडलेल्या सांध्यांत चार्नली यांना पांढुरक्या, पनीरासारख्या रवाळ पदार्थाचे साठे सापडले. झिजलेल्या टेफ्लॉनचे सूक्ष्म कण शरीरातील भक्षकपेशींनी गिळले होते, पण ते पचवता न आल्याने पेशी मरत होत्या, त्यांच्या जागी नव्या पेशी येत होत्या, गाठी वाढत होत्या आणि त्या गाठी लगतचे हाड पोखरत होत्या. रासायनिकदृष्ट्या जगातील सर्वांत निष्क्रिय मानलेले द्रव्य भुकटीच्या रूपात शरीराचा विध्वंस करत होते.

या प्रसंगी चार्नली यांचे वर्तन कसे होते, हे इतिहासकाराने नोंदवलेच पाहिजे. त्यांनी अपयश झाकले नाही. बिघडलेले सांधे काढण्याच्या अवघड शस्त्रक्रिया त्यांनी प्रायश्चित्त मानून स्वतःच्या हातांनी केल्या आणि निघालेल्या वाट्या जपून ठेवून त्यांची झीज मोजली. त्यांनी मग टेफ्लॉनमध्ये कठीण पदार्थ मिसळून बनवलेले फ्लुरोसिंट हे प्लॅस्टिक आजमावले. प्रयोगशाळेतील यंत्रावर ते शुद्ध टेफ्लॉनच्या तुलनेत कितीतरी पट टिकाऊ ठरले, परंतु शरीरात ते जवळजवळ तितक्याच वेगाने झिजले आणि त्यातील कठीण कणांनी पॉलिश पेपरप्रमाणे धातूचा गोळाही घासून काढला. येथे दुसरा धडा मिळाला: यंत्रावरची कसोटी शरीरातील परिस्थितीशी जुळत नसेल, तर तिचा निकाल दिशाभूल करू शकतो.

१९६२ च्या मे महिन्यात राइटिंग्टनच्या यंत्रशाळेत एक विक्रेता येऊन गेला. लँकाशायरच्या कापड गिरण्यांतील मागांसाठी प्लॅस्टिकची दंतचक्रे पुरवणे हा त्याचा व्यवसाय होता, आणि त्या दंतचक्रांचे द्रव्य जर्मनीहून आलेले नव्या प्रकारचे पॉलिएथिलीन होते. मागावर अहोरात्र आदळआपट, कापसाची धूळ आणि धक्के सोसणाऱ्या भागांसाठी कामगारांना टिकाऊ आणि आवाज न करणारे द्रव्य हवे असे, आणि ती गरज हे प्लॅस्टिक भागवत होते. यंत्रशाळेचा तरुण तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने त्याचा एक तुकडा ठेवून घेतला आणि चार्नली यांना दाखवला. चार्नली यांनी त्यात अंगठ्याचे नख रुतवून पाहिले, नखाची खूण उमटली, आणि हा वेळेचा अपव्यय आहे असे सांगून ते निघून गेले, असे क्रेव्हन याने पुढे सांगितले आहे. काही दिवसांनी चार्नली परिषदेसाठी कोपनहेगनला गेले. क्रेव्हन याने तो तुकडा झिजेच्या चाचणीच्या यंत्रावर चढवला आणि यंत्र रात्रंदिवस चालू ठेवले. तीन आठवड्यांनंतरही या पॉलिएथिलीनची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेइतकीही भरली नाही. परतल्यावर चार्नली यांनी आकडे पाहिले आणि आपले मत तात्काळ बदलले. शस्त्रवैद्याचा अनुभवी अंगठा चुकला होता आणि कातारकाम जाणणाऱ्या तरुणाची चिकाटी बरोबर ठरली होती. या शोधाच्या कथनात क्रेव्हन याचे नाव बहुधा एखाद्या ओळीत येऊन जाते, ते त्याच्या वाट्याला आलेल्या कामाच्या मानाने फार थोडे आहे.

हे द्रव्य अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन या नावाने ओळखले जाते. पॉलिएथिलीन हे बहुवारिक आहे, म्हणजे एथिलीनचे असंख्य लहान रेणू एकामागे एक जुळून त्याच्या लांब साखळ्या बनतात. बाजारातील पिशव्यांच्या पॉलिएथिलीनमध्ये या साखळ्यांचा रेणुभार फार तर काही लाख असतो, तर या प्रकारात तो वीस ते साठ लाखांपर्यंत पोहोचतो. १९५३ मध्ये कार्ल झिग्लर यांनी म्युलहाइम येथे शोधलेल्या उत्प्रेरकांमुळे इतक्या लांब आणि सरळ साखळ्या बनवणे शक्य झाले, आणि जवळच्याच ओबरहाउझेन येथील रूरखेमी कंपनीने त्यांचे उत्पादन सुरू केले. साखळ्या लांब असल्या की त्या एकमेकींत इतक्या गुंततात की द्रव्याला धक्का आणि घर्षण सोसण्याचे विलक्षण सामर्थ्य येते. पण त्याच गुंत्यामुळे ते तापवले तरी वाहत नाही. सामान्य प्लॅस्टिकप्रमाणे साच्यात वितळलेले द्रव्य टोचून त्याची वस्तू बनवता येत नाही. पांढरी भुकटी उष्णता व दाब यांखाली पाटांच्या किंवा गजांच्या रूपात एकजीव करावी लागते आणि मग त्या गजातून लेथवर एकेक वाटी कातावी लागते. म्हणजे या वैद्यकीय उपकरणाची निर्मिती प्लॅस्टिक उद्योगापेक्षा धातुकामाच्या कारखान्याला जवळची होती, आणि लीड्स येथील चार्ल्स थॅकरे कंपनी, जी चार्नली यांची उपकरणे बनवत असे, तिला ते सोयीचेही पडले.

टेफ्लॉनचा अनुभव गाठीशी असल्याने चार्नली यांनी घाई केली नाही. दोन्ही प्लॅस्टिकांची बारीक भुकटी त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. नऊ महिन्यांनंतर टेफ्लॉन टोचलेल्या जागी मूळ आकाराच्या जवळजवळ दुप्पट वाढलेल्या गाठी हाताला लागत होत्या, तर पॉलिएथिलीनची जागा नेमकी सांगताही येत नव्हती, असे त्यांनी १९६३ च्या अखेरीस ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. एकाच मनुष्यावरचा हा प्रयोग आजच्या नियमांच्या चौकटीत बसणारा नाही आणि त्याने सिद्ध होण्याजोगे फार थोडे होते. तरीही इतरांच्या शरीरात जे घालायचे ते आधी स्वतःच्या शरीरात घालून पाहण्याची ही वृत्ती आदरास पात्र आहे.

१९६२ च्या नोव्हेंबरमध्ये पॉलिएथिलीनची पहिली वाटी रुग्णाच्या शरीरात बसवण्यात आली. त्यानंतर कित्येक वर्षे चार्नली यांनी थॅकरे कंपनीला ही उपकरणे खुल्या बाजारात विकू दिली नाहीत. राइटिंग्टनला येऊन जे शस्त्रवैद्य पद्धत शिकून जात, त्यांनाच ती मिळत. पॉलिएथिलीन क्ष-किरणांत दिसत नाही, म्हणून वाटीच्या पाठीवर धातूची अर्धवर्तुळाकार बारीक तार बसवण्यात आली: तार आणि गोळा यांच्यातील अंतर वरच्या व खालच्या बाजूला मोजले की दोन्हींच्या फरकावरून झीज काढता येई. एवढ्या साध्या युक्तीने प्रत्येक रुग्ण हा दीर्घकालीन अभ्यासाचा भाग बनला, आणि दहा वर्षांच्या मोजमापांत झिजेची सरासरी वर्षाला एक-दोन दशांश मिलिमीटरच्या आसपास भरली. याशिवाय रुग्णांना विनंती केली जाई की मृत्यूनंतर सांधा तपासणीसाठी काढून घेण्यास त्यांनी संमती द्यावी, आणि लँकाशायरमधील असंख्य गिरणी कामगार व गृहिणींनी ती दिली. पुढील संशोधनाचा मोठा आधार या साध्यासुध्या माणसांच्या औदार्यावर उभा आहे.

जंतुसंसर्गाच्या प्रश्नावरही गिरण्यांच्या मुलखातूनच मदत मिळाली. परकी वस्तू शरीरात ठेवल्यावर शिरलेले थोडेसे जंतूही घातक ठरतात, आणि आरंभीच्या शस्त्रक्रियांत संसर्गाचे प्रमाण सात टक्क्यांच्या घरात होते. बोल्टनजवळच्या, कापड गिरण्यांसाठी हवा गाळण्याची यंत्रणा बनवणाऱ्या हॉवर्थ कंपनीच्या साहाय्याने चार्नली यांनी शस्त्रक्रियागृहात गाळलेल्या हवेचा सतत झोत सोडणारी काचेची बंदिस्त खोली उभारली, शस्त्रवैद्यांसाठी श्वास बाहेर शोषून नेणारे पोशाख केले, आणि साठीच्या दशकाअखेर ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले.

सत्तरीच्या दशकात ही शस्त्रक्रिया जगभर पसरली. चार्नली यांना १९७४ मध्ये लास्कर पुरस्कार आणि १९७७ मध्ये सर ही पदवी मिळाली. याच काळात इतरांनी इतर अभियांत्रिकी प्लॅस्टिके वापरून पाहिली, आणि त्यांचे अनुभव चार्नली यांच्या सावधगिरीचे मोल पटवणारे आहेत. नॉर्वेतील क्रिस्टियनसेन सांध्यात दंतचक्रांसाठी प्रसिद्ध असलेले डेलरिन, म्हणजे पॉलिअ‍ॅसिटल, वापरण्यात आले. ते सांधे मोठ्या संख्येने निकामी झाले. काही युरोपीय शस्त्रवैद्यांनी पॉलिएस्टरच्या भागांचा वापर केला, तेही फसले. पॉलिएथिलीनमध्ये कार्बनचे तंतू मिसळून ते अधिक बळकट करण्याचा अमेरिकी प्रयत्न कागदावर आकर्षक होता, पण तंतू आणि प्लॅस्टिक यांची पकड अपुरी पडून त्याचे पृष्ठभाग फाटले. हृदयाच्या क्षेत्रात ब्यॉर्क-शायली झडपेची १९६९ मधील पहिली चकती डेलरिनची होती. वाफेने निर्जंतुक करताना ती पाणी शोषून फुगत असल्याने दोन वर्षांतच तिची जागा पायरोलिटिक कार्बनने घेतली. पाणी शोषणे, सततच्या भाराखाली हळूहळू ताणले जाणे, वाफेत आकार बदलणे, असे गुणदोष यंत्रातील दंतचक्राच्या तक्त्यात तळटीपेत जातात. शरीरात बसवायच्या भागाचे भवितव्य त्यांच्यावरच ठरते.

भारतातील एका महत्त्वाच्या उपकरणातही हेच पॉलिएथिलीन शेवटी उपयोगी पडले. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत मार्तंड वर्मा शंकरन वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली देशी हृदयझडप बनवण्याचे काम चालले होते, कारण संधिज्वराने झडपा निकामी झालेल्या असंख्य तरुण रुग्णांना आयात झडपेची किंमत परवडत नव्हती. झडपेची चकती वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा उघडते आणि मिटते. आधीच्या प्रतिकृतींत जोड तुटले, धातू झिजला, आणि अत्यंत कठीण म्हणून निवडलेली कृत्रिम नीलमण्याची चकती प्राण्यावरील चाचणीत फुटली. तेव्हा वलियाथन यांच्या गटाने उलट दिशेने विचार केला: कठीण पण ठिसूळ चकतीऐवजी धक्का पचवणारी चकती घ्यावी. कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचा पिंजरा आणि अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची चकती अशी ही चौथी प्रतिकृती यशस्वी झाली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्या रुग्णाला बसवण्यात आली. पुढे टीटीके कंपनीने तिचे उत्पादन केले.

पॉलिएथिलीनच्या वाटीची कहाणी मात्र १९६२ मध्ये संपलेली नव्हती. ऐंशीच्या दशकात दहा-पंधरा वर्षे उत्तम चाललेल्या सांध्यांभोवती हाड विरघळून पोकळ्या पडल्याचे दिसू लागले. आरंभी दोष सिमेंटला दिला गेला आणि या विकाराला ‘सिमेंटचा रोग’ असे नावही पडले; त्यामुळे सिमेंटविना बसणारे सांधे निघाले, आणि त्यांच्याभोवतीही तशाच पोकळ्या आढळल्या. जर्मन शस्त्रवैद्य हान्स-गेओर्ग विलर्ट यांनी सत्तरीच्या दशकातच दाखवून दिले होते की सांध्याभोवतीचे ऊतक झिजेचे कण एका मर्यादेपर्यंतच वाहून नेऊ शकते आणि ती ओलांडली की भक्षकपेशींची प्रतिक्रिया हाडापर्यंत पोहोचते. अपराधी होते ते पॉलिएथिलीनचेच, एका मायक्रॉनहून लहान कण. टेफ्लॉनचे जे दोन-तीन वर्षांत घडले होते, ते पॉलिएथिलीनचे दहा-पंधरा वर्षांनंतर घडत होते. फरक गतीचा होता.

या झिजेला निर्मितीतील एक निर्णयही कारणीभूत होता. साठीच्या दशकाच्या अखेरीपासून वाट्या पाकिटात बंद करून गॅमा किरणांनी निर्जंतुक केल्या जात. या किरणांनी पॉलिएथिलीनच्या साखळ्या तुटतात आणि तुटलेल्या टोकांशी क्रियाशील अणुगट उरतात. पाकिटात हवा असेल, तर त्यातील ऑक्सिजन त्यांच्याशी संयोग पावतो आणि द्रव्य वर्षानुवर्षे, भांडारात नुसते पडून असतानाही, ठिसूळ होत जाते. दोन वाट्या एकाच गजातून कातलेल्या असल्या, तरी एक सहा महिने आणि दुसरी सहा वर्षे फळीवर राहिली, तर शरीरात त्या अगदी वेगळ्या वागत. हे नव्वदीच्या दशकात स्पष्ट झाल्यावर निर्वात किंवा निष्क्रिय वायूच्या पाकिटांकडे उत्पादक वळले. त्याच किरणांचा दुसरा गुण असा की तुटलेली टोके शेजारच्या साखळीला जोडली जाऊन आडवे बंध तयार होतात आणि झीज कमी होते. म्हणून नव्वदीच्या अखेरीस उलट युक्ती योजण्यात आली: मुद्दाम कितीतरी जास्त मात्रा देऊन बंध वाढवायचे, मग द्रव्य तापवून उरलेले क्रियाशील गट शांत करायचे. तापवण्याने बळ थोडे घटते, म्हणून पुढे काही उत्पादकांनी त्याऐवजी पॉलिएथिलीनमध्ये जीवनसत्त्व ई मिसळले, जे ऑक्सिजनचा हल्ला आपल्यावर घेते.

झिजेच्या भीतीने प्लॅस्टिकलाच वगळण्याचा मोठा प्रयत्नही झाला. धातूच्या वाटीत धातूचा गोळा बसवला तर प्लॅस्टिकचे कणच निर्माण होणार नाहीत, या तर्काने या शतकाच्या पहिल्या दशकात हे सांधे तरुण रुग्णांना मोठ्या प्रमाणावर बसवले गेले. कण निर्माण झालेच, फक्त ते कोबाल्ट आणि क्रोमियमचे होते, आणि त्यांच्याभोवतीचे मऊ ऊतक कुजू लागले. २००३ पासून इंग्लंड व वेल्समध्ये प्रत्येक कृत्रिम सांध्याची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय नोंदवहीतील आकड्यांवरून हे अपयश उघड झाले आणि ऑगस्ट २०१० मध्ये डेप्यू कंपनीने आपला एएसआर हा धातूचा सांधा जगभरातून परत मागवला. १९९० मध्ये थॅकरे कंपनी विकत घेणारी हीच कंपनी होती. स्वीडनने खुब्यांची अशी नोंदवही १९७९ मध्येच सुरू केली होती. या नोंदवह्यांतील दीर्घकालीन आकड्यांनुसार आडव्या बंधांच्या पॉलिएथिलीनची वाटी आणि तिच्यासमोर धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा ही जोडी आज सर्वाधिक वापरली जाते, आणि तिची झीज जुन्या पॉलिएथिलीनच्या काही अंशांइतकीच भरते. झीज इतकी कमी झाल्यामुळे शस्त्रवैद्य आता ३२ आणि ३६ मिलिमीटर व्यासाचे गोळे बसवू लागले आहेत, कारण मोठा गोळा वाटीतून सहजासहजी निखळत नाही.